रेघेच्या खालची माणसं

आक्कांच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं माझ्यादेखत मोठी होत गेली. मी कामाला लागले तेव्हा ती मोहरीएवढी होती. एका वेळी चाळीस ओळी मावायच्या. दोन वर्षांनी ती तुरीच्या डाळीएवढी झाली, मग शेंगदाण्याएवढी. शेवटच्या दिवसांत अख्ख्या पडद्यावर सहा ओळी राहायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारातनं, हाताचं पीठ न झटकता, मी त्या मोजू शकायची. अक्षरं मोठी होत होती म्हणजे आक्कांचे डोळे जात होते. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यावर आम्ही बोलायचो नाही. आक्का एवढंच म्हणायच्या, "छबू, आज खिडकी पुसली न्हाईस वाटतं." मी पुसलेली खिडकी पुन्हा पुसायची.

शालनआक्का रंकाळ्याच्या मागच्या अंगाला, फुलेवाडीच्या रस्त्यालगत, पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बाहेरनं लोखंडी जिना, वर दोन खोल्या आणि तळ्याकडं तोंड केलेली एक मोठी खिडकी. तरुणपणी त्या शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत ड्रॉइंग काढायच्या. तिथंच कॉम्प्युटर शिकल्या. पुढं नोकरी सुटली, कॉम्प्युटर सुटला नाही. फौंड्रीतनं निघताना त्यांनी रद्दीत चाललेली जुनी ड्रॉइंगं उचलून आणली होती, गठ्ठेच्या गठ्ठे. मागची बाजू कोरी. त्यातले काही कागद माझ्याकडं आले आणि त्याच कागदांवर मी हे लिहिते आहे. उलटं केलं की पंपाचं चाक दिसतं, पुन्हा उलटं केलं की आक्का. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून भीती नाही.

पहिल्या दिवशी मी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथंच बसले. आत आक्का कुणाला तरी झापत होत्या.

"कालच सांगितलंतं की न्हाय तुला? पुन्ना तेच मागाय लागलास! हाय की तिथं, बघ की जरा!"

समोरचा माणूस चकार शब्द काढत नव्हता. मला वाटलं, घरात भांडण चाललंय, आपण परक्या बाईनं मध्ये कशाला जावं. अर्ध्या तासानं आक्काच बाहेर आल्या. ठेंगण्या, रुंद, एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर.

"पायरीवर कोण ग? सैपाकाला आलीयास का जिना राखाय?"

"आत पावणं हायत न्हवं?" मी म्हटलं.

"पावणं? ह्या घरात मी आन ते डबडं." त्यांनी कॉम्प्युटरकडं हात केला. "चल, आदी च्या टाक."

मी जोतिबाच्या डोंगरावरची. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी आईबरोबर दुकानात बसायला लागले. गिऱ्हाइकांशी आई बोलायची. मी खाली मान घालून खोबऱ्याचे तुकडे करायची, गुलालाच्या पुड्या बांधायची. बोलायची सवय तेव्हाच लागली नाही ती नाहीच. आक्कांना ते चाललं. त्यांना घरात बोलणारं माणूस नकोच होतं, बोलायला त्या एकट्या पुरेशा होत्या. आमच्याकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" म्हणायच्या, आणि आवाज असा की खाली रस्त्यावरचा भाजीवाला आपल्याला हाक मारली म्हणून थांबायचा.

वर्षभर मी त्यांना काही विचारलं नाही. एके दिवशी मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"छबू, मी दिवसभर काय करतो ते कळतंय का तुला?"

"न्हाय."

"मग इचारलं का न्हाईस?"

"तुमी कामात असता."

"काम करणाऱ्यालाच इचारायचं असतंय बये. झोपलेल्याला काय इचारणार?"

मग त्यांनी सांगितलं. लिनक्स नावाची एक गोष्ट असते, तिच्यावर कॉम्प्युटर चालतात. ती कुणा एका मालकाची नाही. जगभरातली माणसं तिच्यात आपापला हात लावतात. तिच्यात हजारो लहानमोठे प्रोग्राम असतात. "येकेक प्रोग्राम म्हंजे चाळीतलं येकेक बिऱ्हाड समज," आक्का म्हणाल्या. "कुणाचं येकट्याचं भागत न्हाय. हिला पीठ तिच्याकडनं, तिला चुलीला इस्तू हिच्याकडनं." प्रत्येक बिऱ्हाडाची एक फाईल असते. आक्का तिला चिठ्ठी म्हणायच्या. हे बिऱ्हाड उभं करायला काय काय लागतं, ते कुणाकडनं आणायचं, आधी काय करायचं, मग काय, सगळं त्या चिठ्ठीत ओळीनं लिहिलेलं. चिठ्ठी चुकली तर बिऱ्हाड उभं राहत नाही. आणि ते उभं राहिलं नाही की त्याच्याकडनं पीठ नेणारी दहा बिऱ्हाडं उपाशी. अशी अडीचशे बिऱ्हाडं आक्का सांभाळत होत्या. त्याबद्दल त्यांना कुणी काही देत नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या पाटीलकाकांना हे फार खुपायचं. ते जिन्याखाली खुर्ची टाकून बसायचे आणि आक्का भाजीला उतरल्या की विचारायचे, "काय शालन, आजबी फुकटच राबालीस व्हय?"

"काका, तुमी रविवारी चालत जोतिबाला जाता. कोण हाजरी मांडतंय तुमची?"

"ते देवाचं हाय."

"मग ह्ये माणसांचं हाय. बसा गप."

काका मान हलवून हसायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारायचे. मला वाटतं, उत्तर ऐकायलाच विचारायचे.

आक्कांचं एक वाक्य होतं. येकदा हातानं करावं, दुसऱ्यांदा हातानं करावं, तिसऱ्यांदा हात खाली ठेवून इचार करावा. हे त्या कॉम्प्युटरला लावायच्या तसंच घराला. दुधाची पिशवी घ्यायला दोनदा जिना उतरल्या आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतनं दोरीला बांधलेली टोपली खाली गेली. दुसरं वाक्य, "आदी येकावर, मग धावर, मग समद्यांवर." नवीन साबण आणला की आधी एका फडक्यावर. एकदा मी उन्हाळ्यात नव्यानं केलेली चटणी थेट रश्श्याच्या पातेल्यात घातली. तिखटानं दोघींच्या डोळ्यांतनं पाणी. आक्का नाक पुसत म्हणाल्या, "आदी येका वाटीत घालून बघायचीस की ग! आता ह्यो रस्सा गल्लीला वाटला तरी गल्ली रडंल."

दुपारी माझं काम आवरलं की मी खिडकीखाली फरशीवर अंग टाकायची. तळ्यावरनं वारा यायचा. डोक्याशी आक्कांच्या बोटांची टकटक चालू असायची, कधी सलग, कधी थांबून, जसा छपरावरनं चिमण्यांचा पाय वाजावा. अर्धवट झोपेत मला ती चाळ दिसायची. लांबच लांब, माडीवर माडी, आणि प्रत्येक दाराला एक चिठ्ठी. दारं उघडी. एका दारातनं बाई वाटी घेऊन निघायची आणि दुसऱ्या दारात शिरायची. कुणी कुणाशी बोलायचं नाही, पण कुणाचं काही अडायचं नाही. आणि मधल्या बोळातनं शालनआक्का दोन चष्मे लावून चालल्या आहेत, एकेका दाराशी थांबून चिठ्ठी वाचताहेत, खिशातनं खडू काढून एखादं अक्षर दुरुस्त करताहेत. जाग आली की बोटांची टकटक तशीच चालू असायची. मग मी चहा टाकायची.

त्या चिठ्ठ्यांतली मला सगळ्यात आवडायची ती खालची जागा. इंग्रजी मला येत नाही, बसच्या पाटीपुरती चार अक्षरं ओळखू येतात. पण चिठ्ठीत मधेमधे एक खूण येते, दोन वाटाण्यांच्या मध्ये तिरकी काडी. तशा पाच-सहा असतात. त्यातली शेवटची जी, तिला आक्का रेघ म्हणायच्या. रेघेच्या वर बिऱ्हाडाचं सामानसुमान. रेघेच्या खाली माणसं. आजपर्यंत ज्यानं ज्यानं ती चिठ्ठी सांभाळली त्याचं नाव, तारीख आणि त्या दिवशी त्यानं काय केलं ते. नव्या माणसाची ओळ रेघेला लागून सगळ्यांच्या वर येते, जुनी माणसं एकेक पायरी खाली सरकतात. पण पुसलं कुणाला जात नाही.

आक्कांच्या बऱ्याच चिठ्ठ्यांत अगदी तळाशी एकच नाव असायचं. त्याचं पहिलं अक्षर दोन शिखरांच्या डोंगरासारखं होतं, म्हणून ते मला लांबनं ओळखू यायचं. "ह्यो माझा म्हातारा," आक्का म्हणायच्या. तो कुठल्या तरी बर्फाच्या देशातला. त्याला त्यांनी कधी पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही. फौंड्री सुटल्यावर आक्कांनी पहिल्यांदा एक चिठ्ठी लिहून पाठवली, तर त्यात अकरा चुका निघाल्या. म्हाताऱ्यानं अकराच्या अकरा समजावून मेल लिहिली आणि खाली लिहिलं, बाराव्या वेळी बरोबर येईल. बाराव्या वेळी आलं. पुढं कितीतरी वर्षं तो मेलवरनं शिकवत राहिला आणि मग एक दिवस त्याच्याऐवजी दुसऱ्याच कुणाची मेल आली, म्हातारा गेला म्हणून. त्याची बिऱ्हाडं आक्कांनी आपल्याकडं घेतली.

त्यातलं सगळ्यात लहान बिऱ्हाड म्हणजे एक चंद्र. पडद्याच्या कोपऱ्यात, बोराएवढा. आकाशातल्यासारखाच तो रोज वाढायचा आणि रोज कमी व्हायचा, बाकी काही करायचा नाही. हा प्रोग्राम जगात चार-दोन माणसं वापरत असतील, आक्का म्हणायच्या, त्यातली एक मी. पुढं तो त्यांना दिसेनासा झाला. मग मी सकाळी आल्या आल्या त्या विचारायच्या, "छबू, आज किती?" मी पदरानं हात पुसत वाकून बघायची आणि सांगायची, "अर्ध्याला थोडा कमी." किंवा, "नखाएवढा." त्या मनात तिथी लावायच्या आणि कामाला लागायच्या.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी उन्हाळ्यात आक्कांच्या थोरल्या बहिणीचा निपाणीच्या पलीकडनं फोन आला. आक्का फोन स्पीकरवर ठेवायच्या, त्यामुळं मला ऐकू आलं.

"डाक्टर काय म्हणाला, तंगी?" बहीण कानडी मुलखातली झालेली, धाकटीला तंगी म्हणायची.

"दिवाळीपतोर दिसंल म्हणतोय. फुडं अंधुक."

"मग हिकडं ये की. येकटी काय करणार हाईस तिथं?"

"येतो. पर बिऱ्हाडं कुणाच्या तरी पदरात घातल्याबिगार न्हाय येत."

ज्या बिऱ्हाडाला सांभाळणारं कुणी उरत नाही त्याला तिकडच्या भाषेतही अनाथच म्हणतात. आक्कांनी मला ते सांगितलं तेव्हा मला खोटं वाटलं. अनाथांची एक यादी लागते, काही दिवस वाट बघतात, आणि कुणी पुढं आलं नाही तर ते बिऱ्हाड चाळीतनं काढून टाकतात. आक्कांना आपल्या अडीचशेतलं एकही त्या यादीत जाऊ द्यायचं नव्हतं. आणि नेमका त्याच वर्षी नवा नियम आला. बिऱ्हाडं उभी करायला लागणारं एक जुनं अवजार मोडीत निघालं, त्याच्या जागी दुसरं आलं. प्रत्येक चिठ्ठीत जिथं जिथं जुन्याचं नाव असेल तिथं नव्याचं घालायचं, मागायची पद्धतही थोडी बदलायची. मुदत अर्ध्या आषाढापर्यंतची. नाही बदललं तर बिऱ्हाड मोडलं असं धरणार. "आन मोडकं बिऱ्हाड कोण घेतंय पदरात?" आक्का म्हणाल्या.

पडद्यावर सहा ओळी दिसणाऱ्या बाईला एक चिठ्ठी हातानं बदलायला अर्धा दिवस लागत होता. दोन बदलल्या आणि तिसरीच्या वेळी त्यांनी हात खाली ठेवला.

"गडी ठेवावा लागतोय," त्या म्हणाल्या.

गडी म्हणजे त्यांनीच लिहिलेली एक स्क्रिप्ट. कॉम्प्युटरला लिहून द्यायचं, अशी अशी ओळ दिसली की तिची अशी कर, आणि मग तो एकट्यानं सगळ्या चिठ्ठ्यांतनं फिरतो. ऐकायला सोपं. पण त्या चिठ्ठ्या वीस हातांनी लिहिलेल्या. कुणी मध्ये एक जागा सोडलेली, कुणी चार, कुणी एकाच ओळीत सहा नावं कोंबलेली. "गडी इमानी असतोय," आक्का म्हणाल्या, "पर त्येला डोकं नसतंय. सांगितलं ते करतोय, आन सांगितलं ते समदीकडं करतोय. त्येचीच भ्या वाटती." महिनाभर त्या गड्याला शिकवत होत्या. पाटीवर खडूनं हाताएवढी अक्षरं काढायच्या, पुसायच्या, ओरडायच्या. "आरं तिथं न्हाय, तिथं न्हाय मुडद्या!" पाटीलकाका खालनं विचारायचे, "गडी पळाला व्हय ग?"

आधी एका चिठ्ठीवर चालवलं. मग दहांवर. दहाची दहा बिऱ्हाडं नीट उभी राहिली. मग आषाढातल्या एका संध्याकाळी सगळ्यांवर. पडद्यावरनं नावं सरसर वर जात राहिली आणि चहा उकळायच्या आत सगळं झालं. आता फक्त पाठवायचं राहिलं होतं. मुदतीला चार दिवस होते. आक्का म्हणाल्या, "सकाळी ताज्या डोक्यानं पाठवू."

दुसऱ्या दिवशी बेंदूर होता. मी येताना बाजारातनं चिखलाची बैलजोडी आणली, शिंगं रंगवलेली. आक्का कागलकडच्या शेतकऱ्याच्या लेक. बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, गड्याला काम सांगायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं. मी पुरण वाटत होते. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, बोट उचललं आणि खाली ठेवलं.

"छबू, आज बेंदूर न्हवं?"

"व्हय."

"मग आज गड्याला काम न्हाय. उद्या पाठवतो."

"मुदत हाय न्हवं आक्का?"

"मुदत चार दीस हाय. बेंदूर येकच दीस हाय."

त्यांनी बैलजोडी कॉम्प्युटरच्या पुढ्यात मांडली, हळदकुंकू वाहिलं, ताटलीत एक पुरणपोळी ठेवली आणि डबड्याला दाखवली. मग रिकाम्या बसवेना. म्हणाल्या, "गड्यानं काय केलंय ते बघायला तर हरकत न्हाय. हे बघ, तू तांदूळ निवडतीस का न्हाय? तसंच हाय. लाल ओळ म्हंजे काढलेली, हिरवी ओळ म्हंजे घातलेली. दोन्ही सारख्याच दिसाय पायजेत, फकस्त येका जागी फरक. दुसरा कुठं खडा दिसला तर सांग."

मी स्टुलावर बसले. त्यांनी अक्षरं लहान करून दिली, माझ्या डोळ्यांना बेताची. मी एकेक ओळीखाली बोट धरून चालले. चौथीपर्यंत शिकलेलं माणूस सगळंच असं वाचतं, अक्षरामागनं अक्षर, मधलं काही न गाळता. आक्का शेजारी पोळी खात होत्या.

"पडद्याला तेल लावू नगंस."

"बोट न्हाय धरलं तर चुकतंय माझं."

"मग धर. तेल पुसता येतंय."

पंधरा-वीस चिठ्ठ्या झाल्या. लाल, हिरवी. लाल, हिरवी. मग एक जुनी चिठ्ठी आली. वरचं सामान नीट होतं. मी दोन वाटाण्यांच्या शेवटच्या खुणेशी आले, ती ओलांडून खाली उतरले आणि माझं बोट थांबलं.

"आक्का."

"काय?"

"रेघेच्या खालीबी लाल-हिरवं असतंय का?"

त्यांचा घास तोंडातच राहिला. "कुणाच्या ओळीत?"

दोन शिखरांचा डोंगर माझ्या बोटाच्या वरच होता. "म्हाताऱ्याच्या," मी म्हटलं.

आक्कांनी हातातली पोळी ताटलीत ठेवली. खाली रस्त्यावरनं कुणाचे तरी सजवलेले बैल चालले होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज जवळ आला आणि लांब गेला. मग आक्कांनी समजावलं, हळू, जसं स्वतःलाच. म्हाताऱ्यानं फार वर्षांपूर्वी त्या ओळीत लिहिलं होतं, की आज मी ह्या बिऱ्हाडासाठी अमुक अवजार घेतलं. ते जुनं अवजार. गड्यानं तिथंही नाव बदललं. आता ती ओळ सांगत होती की म्हाताऱ्यानं नवं अवजार घेतलं.

"त्यो मेल्यावर जल्माला आलेली वस्तू त्येच्या हातात दिली ग ह्या गड्यानं," आक्का म्हणाल्या. "बिऱ्हाड उभं ऱ्हायलं असतं. कुणाला कळलंबी नसतं. पर त्या माणसानं जे केलं न्हाय ते त्येच्या नावावर कायमचं लागलं असतं. आन लावणारी कोण? मी."

ज्या दहांवर त्यांनी आधी चालवून बघितलं होतं ती सगळी नवी बिऱ्हाडं होती. त्यांच्या रेघेखाली जुन्या अवजाराचं नावच नव्हतं. आणि पडद्यावरच्या सहा ओळींत रेघेच्या खालचं त्यांना दिसलं नव्हतं.

"मागं आणता येतंय का?" मी विचारलं.

"येतंय. पाठवलं न्हवतं म्हणून येतंय." त्यांनी चाचपडत बैलजोडी शोधली आणि एका बैलाच्या पाठीवर बोट ठेवलं. "ह्या बेंदरानं राखलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळं पहिल्यासारखं केलं आणि गड्याला एक नवी ओळ शिकवली. रेघ दिसली की थांबायचं. तिच्या खाली पाय ठेवायचा नाही, तिथं काहीही दिसो. मग पुन्हा एकावर, पुन्हा दहांवर, आणि ह्या वेळची दहा मी निवडली, सगळ्यात जुनी, तळाशी डोंगर असलेली. मग सगळ्यांवर. तीन दिवस मी स्टुलावर बसून होते. भाकरी आक्कांनी थापल्या, नुसत्या हाताच्या अंदाजानं, आणि माझ्यापेक्षा गोल. रेघेच्या खाली कुठंही लाल नव्हतं, हिरवं नव्हतं. मुदतीच्या दिवशी दुपारी त्यांनी ते पाठवलं. पाठवल्यावर बिऱ्हाड नीट उभं राहिलं तर त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका येतो, मोडलं तर लाल. मग खुर्चीवर मागं रेलून म्हणाल्या, "छबू, काय दिसतंय?"

"हिरवं."

"समदं?"

"समदं."

"मग च्या टाक."

पुढं गणपती आले, नवरात्र झालं. एकेक बिऱ्हाड कुणी ना कुणी पदरात घेत गेलं. कुणी दहा घेतली, कुणी तीस. मेल आली की आक्का अक्षरं मोठी करून, मान तिरपी करून वाचायच्या, नंतर नंतर कॉम्प्युटरच वाचून दाखवायचा आणि आक्का त्याच्या उच्चारांना नावं ठेवायच्या. अक्षरं आता भाकरीएवढी झाली होती. दिवाळीनंतर फक्त चंद्र राहिला. तो कुणालाच नको होता. त्यात नवं करण्यासारखं काही नाही आणि वापरणारी माणसं चार. आक्का म्हणाल्या, "न्हाई कुणी घेतला तर यादीत जाईल. माझ्या हातनं येकच जाणार, आन त्योबी म्हाताऱ्याचा." त्यांना न्यायला बहिणीची जीप यायची होती, तिचा दिवस ठरला होता तो त्यांनी दोनदा पुढं ढकलला. तिसऱ्यांदा बहीण म्हणाली, आता मी येऊनच बसते.

जीप यायची त्या दिवशी सकाळी मी भांडी पोत्यात भरत होते. कॉम्प्युटर शेवटी बांधायचा म्हणून चालूच होता. त्यानं मेल वाचली. आक्का खोलीच्या मध्यात उभ्या राहिल्या.

"पुन्ना," त्या त्याला म्हणाल्या. त्यानं पुन्हा वाचली. कुठल्या तरी समुद्राकाठच्या गावातली एक शिक्षिका, शाळेत मुलांना चंद्र दाखवायला तो वापरत होती, तिनं घेतला होता. लहानशी एक दुरुस्ती करून तिनं आपली ओळही लिहिली होती.

"छबू, चिठ्ठी उघडून देतो, रेघेच्या खाली बघ. माझी ओळ हाय का?"

आक्कांच्या नावाचं पहिलं अक्षर मला पाठ होतं, वळण घेतलेल्या सापासारखं. "हाय."

"कितवी?"

"दुसरी. वर नवी आलीया."

"आन म्हातारा?"

"तळाला. हाय तसाच."

आक्का हसल्या. "म्हंजे मी येक पायरी खाली गेलो. आता जातच ऱ्हाणार. जाऊ दे. खाली गेलेलं चालतंय, बदललेलं चालत न्हाय." मग त्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला.

चारच्या सुमाराला जीप आली. आक्का लोखंडी जिना एकट्यानं उतरल्या, पायऱ्या मोठ्यानं मोजत, हात कठड्यावर. पाटीलकाका खुर्चीवरनं उठले होते. ह्या वेळी आक्कांनीच विचारलं, "काय काका, जोतिबाला माझं सांगणार न्हवं? का त्येचं येगळं पैसं पडत्यात?" काका "जा ग जा" म्हणाले आणि तोंड फिरवलं.

मी ड्रॉइंगांचा गठ्ठा जीपमध्ये ठेवायला गेले तर त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. "तुला ऱ्हाऊ दे. मागची बाजू कोरी हाय." मी गठ्ठा पदराखाली घेतला.

गाडी सुरू झाली. आक्का काचेजवळ बसल्या होत्या, तोंड तळ्याच्या वाऱ्याकडं. दोन्ही चष्मे त्यांनी लावलेच नव्हते. अचानक त्यांनी हात बाहेर काढून ड्रायव्हरला थांबायची खूण केली.

"छबू! आज किती?"

कॉम्प्युटर पोत्यात बांधलेला. मी गोंधळून इकडंतिकडं बघितलं, आणि मग वर. उन्हं अजून होती. रंकाळ्याच्या पलीकडं, गावाच्या डोक्यावर, पाण्यात खडू विरघळावा तसा फिक्का चंद्र दिवसाउजेडी उगवून बसला होता.

"अर्धा," मी ओरडून सांगितलं. एवढ्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. "बरोब्बर अर्धा, आक्का!"

त्यांनी बोटांवर तिथी लावली. "अष्टमी," त्या म्हणाल्या, मान हलवली, आणि जीप निघाली.